जास्वंदीखालची माती

ये, अशी जवळ बस. नाही, आधी ते गाजर खाली ठेव. ठेव म्हणते ना! माझ्या भाजीच्या पिशवीतून उपसलंस, ओढणीला पुसलंस आणि लावलंस तोंडाला. देठापाशी माती दिसत नाही का तुला? तिसरा महिना लागलाय, कंपनीत वीस-पंचवीस माणसं हाताखाली घेऊन बसतेस, आणि गाजर धुऊन खावं एवढं सुचत नाही. हसू नकोस. तुझी आई समोर असती तर पाठीत धपाटा बसला असता. मी मावशी, म्हणून नुसती ओरडते.

आण इकडे, सोलून देते. आणि तू वारज्याहून इतक्या लांब हडपसरला जे विचारायला आलीस, त्याचंही उत्तर देते. तुझ्या सासूबाई म्हणतात, बाळ येणार, तर मांजर आधी बाहेर. तू म्हणतेस, मांजर कुठेही जाणार नाही. आणि तुझा नवरा बिचारा दोघींकडे बघून आळीपाळीने मान हलवतो. मावशी, तूच सांग, म्हणालीस. सांगते. पण एका वाक्यात उत्तर देणारी बाई मी नव्हे, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तुझ्या वहिनीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या पहिल्या बाळाच्या वेळेला काय झालं, ते आधी ऐकावं लागेल. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. तुझ्या वाट्याला त्यातली फक्त मांजर आली. बाकीचं तुला कुणी सांगितलं नाही.

तेव्हा हे आपलं घर बैठं होतं आणि समोर कोबीचं शेत होतं. एका वर्षी त्या शेतात कोबी लावलाच नाही, आणि बघता बघता तिथं काचेची इमारत उभी राहिली. तुझ्या काकांच्या कारखान्यानं नेमकं तेव्हाच त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नकोस. बाप सकाळी दारातल्या ओट्यावर पेपर घेऊन बसायचा आणि मुलगा नि सून गळ्यात पट्टा अडकवून त्या काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर कामाला जायची. काका म्हणायचे, "आपल्या वेळी पट्टा गुरांच्या गळ्यात असायचा." मुलगा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. सून मात्र खुदकन हसायची.

सून वर्ध्याकडची. दोघांनी आपसांत ठरवलेलं लग्न. पहिले सहा महिने मला तिची भाषा कळायची नाही आणि तिला माझे टोमणे कळायचे नाहीत, त्यामुळे फार बरं चाललं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुड्या सोडवताना कागदावर जे छापलेलं असायचं ते वाचून झालेलं. आणि ती इंजिनियर. पण संध्याकाळी आली की पाय धुऊन थेट माझ्यापाशी स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहायची. "आई, आज काय करून राहिल्या?" असं विचारायची. मला मुलगी नाही. कुणी रोज एवढंच विचारावं, यासाठी माणूस किती भुकेलं असतं, ते मला तेव्हा कळलं.

मांजर तिनंच आणली. कंपनीच्या फाटकाशी सापडलेली, डब्याच्या पिशवीतून. मुठीएवढं पिल्लू, एक कान काळा, बाकी सगळी राखाडी. मी म्हटलं, माझ्या घरात मांजर नको. दुसऱ्या दिवशी मीच तिला बशीत दूध घालत होते. मोठी झाली तशी ती घरात कधी घाण करायची नाही, फार शहाणी. मागच्या दारी माझा वाफा होता ना, कोथिंबीर, मेथी, थोडा पुदिना आणि कडेला जास्वंद. त्या जास्वंदीखाली उकरायची, आपलं उरकायची, वर माती ओढायची आणि निघून जायची. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, बघा, माणसांनासुद्धा एवढं वळण नसतं.

मग सुनेला दिवस राहिले. आदल्या वर्षी एकदा राहून दोन महिन्यांत गेले होते, म्हणून या खेपेला कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मुलगासुद्धा घरात पावलं न वाजवता चालायचा. आणि तिसऱ्या महिन्यात एक दिवस शेजारची बाई पेपराची पुरवणी घेऊन आली. तिचा नवरा बँकेत, त्यामुळे तिला सगळं आधी कळायचं. म्हणाली, "अहो, तुमच्याकडे मांजर आहे ना? वाचा. गरोदर बाईला मांजर वाईट. मूल जातं पोटातलं."

मी ती पुरवणी पूर्ण वाचायला हवी होती. हो की नाही? पुड्यांचे कागद उलटसुलट करून वाचणारी मी! पण मी मथळा वाचला, मांजराचं चित्र बघितलं आणि पुरवणी मिटून टाकली. मनात एकच, आदल्या वर्षीचं गेलं ते या मांजरीमुळेच.

सून कामावर गेल्यावर मी काकांना उठवलं. आपल्याकडे सांगतात, मांजर पाण्यापलीकडे सोडली की तिला परतीची वाट सापडत नाही. गव्हाच्या कापडी पिशवीत मांजर घातली, तोंड बांधलं आणि रिक्षा केली. नदीचा पूल आला तशी काकांनी पिशवी तीनदा गोल फिरवली, म्हणजे दिशा चुकावी. रिक्षावाला आरशातून बघत होता. म्हणाला, "काका, चक्कर मला यायला लागली." विश्रांतवाडीला तुमच्या घरी पोचलो. तुझी आई म्हणाली, हे काय आणलंस? मी म्हटलं, सांभाळ, कारण विचारू नकोस. आणि तू ती पिशवी सोडलीस आणि मांजरीला कडेवर घेऊन जी आत पळालीस, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाहीस.

संध्याकाळी सून आली. पाय धुतले, दूध घेऊन मागच्या दारी गेली आणि परत आली. "आई, मांजर दिसून नाही राहिली."

मी भाजीत डोकं घातलं. काकांनी पेपर वर केला. शेवटी मीच म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी नेली गं. बहिणीकडे आहे, सुखरूप आहे."

"मला विचारलं काहून नाही?" एवढंच म्हणाली. रडली नाही की ओरडली नाही. दूध पातेल्यात परत ओतलं आणि खोलीत गेली. त्या दिवसापासून ओट्याला टेकून उभं राहणं बंद झालं. जेवायची, पण विचारल्याशिवाय बोलायची नाही. भांडली असती तर बरं, असं मला झालं.

आता ऐक, खरी गोष्ट इथून पुढं आहे.

मला सुनेला परत माझ्यापाशी आणायचं होतं. आणि मला एक गोष्ट माहीत होती. मी वाफ्याला पाणी घालायला लागले की ती दारात येऊन उभी राहायची आणि लांब श्वास घ्यायची. एकदा मी विचारलंच, "काय गं?" तर लाजली. म्हणाली, "आई, ओल्या मातीचा वास आला का तोंडाला पाणी सुटते. खावीशी वाटते. कुणाला सांगू नका."

अगं, मला काय आनंद झाला! मलाही मुलाच्या वेळी मातीचेच डोहाळे होते. माझ्या सासूनं कुंभाराकडून माती आणून, चुलीत लाल होईस्तोवर भाजून, पदराआडून मला दिली होती. डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते म्हणायच्या. ती कडक बाई, जन्मात माझ्याशी तेवढं एकदाच गोड वागली. तर मी ठरवलं, आपणही करायचं. जास्वंदीखालची माती छान भुसभुशीत होती. का भुसभुशीत होती, हा विचार डोक्यात आला नाही. ती खणून काढली. पुरणाच्या जाळीतून चाळली, हो, पुरणाच्याच. पाणी घालून मळली आणि नखाएवढ्या वड्या थापल्या. गॅसवर माती भाजायची मला लाज वाटली, शेजारीण डोकावली तर काय म्हणेल? म्हणून उन्हात वाळवल्या. वेलदोड्याच्या स्टीलच्या डबीत भरल्या, म्हणजे वासही छान यावा, आणि तिच्या हातात ठेवल्या.

डबी उघडून तिनं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मांजर गेल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलं. "आई, तुम्ही केल्या?" म्हणाली. एक वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मला वाटलं, जिंकलं मी. पुढचे आठ-दहा दिवस डबी रोज थोडी थोडी रिकामी होत होती, आणि ती परत ओट्याला टेकायला लागली होती.

मग तिच्या मानेला गाठ आली. वाटाण्याएवढी, दुखत नव्हती. अंग कसकस करायचं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आला तेव्हा मी सोबत गेले. त्या डॉक्टरीणबाई अस्सल पुण्याच्या, हसणंसुद्धा मोजून. कागद वाचून म्हणाल्या, "घरात मांजर आहे?"

मी ताठ बसले. "होती. हाकलली."

"वा. आणि जंतू? ते तिच्याबरोबर रिक्षात बसून गेले असं समजायचं का आपण?"

 त्यांनी खुर्ची पुढं घेतली आणि बोलण्याची धार जरा कमी केली. मला कळेल असं सांगितलं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक बारीक जंतू असतो. तो मांजरीच्या शीतून मातीत उतरतो आणि तिथं महिनोन्‌महिने जिवंत राहतो. मांजरीला हात लावल्यानं, तिचा केस पोटात गेल्यानं सहसा काही होत नाही. होतं ते मातीतून, न धुतलेल्या पालेभाजीतून, कच्च्या राहिलेल्या मटणातून. बाईला बहुतेकदा कळतही नाही, थोडा ताप, एखादी गाठ, बस. पण दिवस असताना नव्यानं लागण झाली तर तो बाळापर्यंत पोचू शकतो, डोळ्यांना, मेंदूला धक्का लावू शकतो, कधी मूल राहत नाही. आणि आधी कधीतरी होऊन गेला असेल, तर शरीर त्याला ओळखतं आणि बाळ सहसा सुरक्षित असतं. रक्तात दोन खुणा बघतात, एक जुन्या लागणीची, एक ताज्या. "हिची जुनी खूण ठळक आहे," त्या म्हणाल्या, "पण ताजीही काठावर दिसतेय. त्यामुळे आज मी काही सांगू शकत नाही. बागेत जाते का ही? मातीत हात घालते?"

 जास्वंद, जाळी, डबी, सगळं डोळ्यांसमोर. मी सुनेकडे बघितलं. ती डॉक्टरांकडे बघत शांतपणे म्हणाली, "नाही जी. मला वेळच नसतो."

माझ्यासाठी खोटं बोलली. चार माणसांत सासूची मान खाली जाऊ नये म्हणून. पोटातलं मूल पणाला लागलंय आणि ही पोरगी माझी अब्रू झाकते आहे. आणि मी? मी झाकू दिली. उठले आणि तिच्यामागून खाली आले.

रिक्षात बसायला पाय उचलला आणि तो वर जाईचना. म्हटलं, "तू बस, माझा चष्मा वर राहिला." ती म्हणाली, "आई, चष्मा तर तुमच्या डोळ्यांवर आहे." मी म्हटलं, "दुसरा." आणि जिना चढले.

स्वागताला बसलेली मुलगी म्हणाली, "काकू, तुमचा नंबर होऊन गेला. काही राहिलं असेल तर उद्या." मी ऐकलं नाही, दार ढकललं. आत दुसरी बाई तपासायला बसली होती. तिच्यासमोरच सांगितलं. "डॉक्टर, ती माती खाते. मी दिली. मांजर जिथं बसायची तिथली, न भाजता." एवढं बोलेपर्यंत मला रडू फुटलं.

मला वाटलं, आता या बाई सोलून काढणार. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बसा," म्हणाल्या. स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला दिला. म्हणाल्या, "हे सांगायला माणसं परत जिना चढत नाहीत. बरं झालं आलात." मग त्यांनी चिठ्ठीत दोन ओळी वाढवल्या. माती खावीशी वाटते म्हणजे बहुधा रक्त कमी आहे, तेही तपासायचं, लोहाच्या गोळ्या लागतील. जंतूवर दुसऱ्या गोळ्या आजपासूनच. लागण जुनी की नवी हे ठरवणारी एक वेगळी तपासणी मुंबईला पाठवायची, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त. दाराशी मला थांबवून म्हणाल्या, "आणि काकू, पुरणाची जाळी बदला."

रिक्षात मी सुनेला सांगितलं, सगळं सांगून आले म्हणून.  तिनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही. मग म्हणाली, "मी तर मांजर असताना तिथं पुदिना खुडून तसाच खात होते. तुम्ही एकट्याच काहून रडता?"

ते तीन आठवडे काही विचारू नकोस. डबी मी टाकून दिली. वाफ्यात हातमोजे घालून काका उतरायचे, एरवी चहाचा कप न उचलणारा माणूस. पालेभाजी तीन पाण्यांतून निघायची, तरी मला चौथं घालावंसं वाटायचं. मुलगा कॉम्प्युटरवर काय काय शोधून वाचायचा आणि पांढरा पडून यायचा. शेवटी सुनेनं त्याला ते बंद करायला लावलं. तिची आई फोनवरून विचारायची, "कशी हाय व पोरगी?" आणि मी "छान आहे" म्हणताना तारेतून माझा आवाज ओळखेल की काय, अशी भीती वाटायची. देवाला काही बोलले नाही मी. कोणत्या तोंडानं बोलणार? त्याचीच माती आणि माझीच जाळी.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या लोकांना खुर्च्या नाहीत, एकानं ऐका आणि बाकीच्यांना सांगा. पण त्यांच्या तोंडावरूनच कळलं. लागण जुनी होती. कदाचित लग्नाच्याही आधीची, तिच्या गावच्या अंगणातली. काठावरची खूण तशीच काठावर होती, वाढली नव्हती. मानेची गाठ साध्या सर्दीतापाची निघाली, तोवर जिरूनही गेली होती.

काकांनी मोठ्यानं श्वास सोडला. मी म्हटलं, "म्हणजे मातीनं काही केलं नाही?"

"या वेळी नाही," त्या म्हणाल्या. "तिचं शरीर आधीपासून तयार होतं, म्हणून. दुसरी एखादी असती, जिला कधीच लागण झालेली नाही, तर हीच डबी तिला महागात पडली असती. नशिबाच्या भरवशावर बाळंतपण करू नका." मग मी आदल्या वर्षीचं विचारलं, ते मांजरीमुळे का गेलं. तर म्हणाल्या, जुनी लागण असं करत नाही, इतक्या लवकर जाणारं बहुतेकदा कुणाच्याही चुकीनं जात नाही. सुनेनं ते ऐकलं आणि मान खाली घातली. वर्षभर ती स्वतःलाच धरून बसली होती, हे मला त्या क्षणी कळलं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, गाणी. सगळ्या म्हणाल्या, सासूबाई, तुम्ही काहीतरी म्हणा. मी उभी राहिले आणि मातीच्या डबीची सगळी हकिगत सांगितली. शेजारीण म्हणाली, "अहो, सणासुदीला काय हे मांजराच्या शीचं कीर्तन!" मी म्हटलं, "पुरवणी तुम्हीच आणलीत ना? मग आता उत्तरार्ध ऐका." दोघीतिघी हसल्या, दोघीतिघींनी नाकं मुरडली.

सगळ्या गेल्यावर मागच्या दारी पावलं वाजली. समोरच्या इमारतीच्या वॉचमनची बायको होती, कोवळी पोर, पोट थोडं वर आलेलं. तिनं पदरातून प्लास्टिकची एक डबी काढली. आत चुलीच्या बाजूची खरवडलेली माती. "काकू, मी बी खाते. रोज. कुणाला सांगू?" मी तिला पाटावर बसवलं, डोहाळजेवणातल्या भाताची मूद वाढली, आणि दुसऱ्या दिवशी घेऊन गेले त्याच जिन्यावरून. तिचं रक्त अगदीच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात मातीची ओढ गेली म्हणाली. तेव्हापासून मला ही सवय लागली आहे. पोटुशी बाई दिसली की मी आधी भाजी कशी धुतेस विचारते आणि मग नाव.

आणि मांजर? बाळ झाल्यावर सून म्हणाली, आता आणू परत. आम्ही विश्रांतवाडीला आलो, तर तू तिला मांडीवर घेऊन दारात बसली होतीस आणि आम्हाला बघून रडायला लागलीस. सुनेनं तिच्या काळ्या कानावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू द्या आई. हिची झाली ते."

तर हे तुझं उत्तर. मांजर घालवू नकोस. तिला घरात ठेव, कच्चं मांस घालू नकोस. तिची ती वाळूची पेटी रोजच्या रोज साफ व्हायला हवी, आणि तू नाही करायची. मान हलवणाऱ्या नवऱ्याला दे ते काम. कुंड्यांत हात घालायचा तर मोजे घाल. भाजी वाहत्या पाण्यात धू, मटण नीट शिजू दे. आणि डॉक्टरांनी तुला रक्ताची चिठ्ठी दिलीय ना? बोलता बोलता तुझ्या तोंडून निघून गेलं मघाशी, मी ऐकलं. पंधरा दिवस पर्समध्ये घडी करून ठेवलीस, कारण वाईट काही निघेल आणि सगळे मांजरीकडे बोट दाखवतील अशी भीती. अगं, लहानपणापासून मांजरींत लोळलीस तू. कदाचित तुझं शरीरही त्याला केव्हाच ओळखत असेल. कदाचित नसेलही. मी तीन आठवडे तसे काढले आहेत, मला ठाऊक आहे. पण चिठ्ठीची घडी उलगडल्याशिवाय त्यातलं काही कळायचं नाही. उद्या सकाळीच जा. आणि डॉक्टरांना सगळं सांग, गाजरापासून सगळं.

हे घे, सोललं. खा आता.

आणि पुढच्या खेपेला एकटी येऊ नकोस. रिपोर्ट आला की सासूबाईंना सोबत घेऊन ये. मी त्यांना काही बोलणार नाही गं, शपथ. त्या वाईट नाहीत, घाबरल्या आहेत. पिशवीचं तोंड बांधून रिक्षात बसलेली बाई मला आतून माहीत आहे. मी पुरणपोळी करीन, नव्या जाळीतून. फार दिवस लावू नकोस, येत्या रविवारीच या दोघी.